हेल्गाची खाट

काल पेटीतून मुलीचा स्वेटर काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, आणि लहानपणी भेटलेली ती जर्मन बाई माझ्या पाठीमागे उभी आहे असं वाटलं.

श्रीरामपूरजवळच्या आमच्या बोर्डिंगात जर्मनीतल्या लुथरन मंडळीनं दिलेल्या खाटा होत्या. खाटेवर ज्याचं नाव, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची. माझ्या खाटेवर हेल्गा होती.

एकदा तिची आई आली. तिच्या कोटाला हाच वास होता. मेट्रनबाईंनी तिचा प्रश्न मराठीत विचारला, "हेल्गासाठी काय मागतीस गं?"

"देवा, तिला लई मोठी कर."

मेट्रनबाई चपापल्या. "अगं, ती तर लहानपणीच वारली." तरी त्यांनी माझं उत्तर सांगितलं.

बाईनं माझे केस हुंगले, मला पायापर्यंत न्याहाळलं आणि ती काहीतरी पुटपुटली.

मेट्रनबाईंनी मला सांगितलं, "म्हणतात, हेल्गा किती वाढली!"

तेव्हा मी खुशीनं टाचा उंचावल्या होत्या.