रंगावरून लावलेल्या गोळ्या

कपडे धुण्याच्या दुकानात काउंटरच्या मागे, खिडकीला लागून रफूताईंचं टेबल होतं. एकोणीस वर्षं ते तिथंच होतं. कोटाला कसर लागली, पँटला सिगरेटचं भोक पडलं, की मालक तो कपडा टेबलाकडे सरकवायचा. ताई त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायच्या, उभा-आडवा विणत भोक बुजवायच्या. मग गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून विचारायचं, नक्की कुठं होतं हो?

गेल्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. सुई ओवायला तीन-तीन खेपा लागू लागल्या. बसल्या जागी छातीत धडधडायचं, जिना चढताना दम लागायचा, फणीत केसांचा पुंजका यायचा. घरी थंडीतही त्या खिडकी उघडायच्या, भाऊ उठून लावायचा, त्या पुन्हा उघडायच्या. आहार दुप्पट झाला होता आणि कपडे अंगावर लोंबत होते. "खाता तुम्ही वन्सं, आणि लागतं माझ्या अंगी," भावजय म्हणायची. ही भावजय तोंडाने फटकळ होती, पण ताईंना ओढून डॉक्टरकडे नेलं तिनंच.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, की थायरॉईडची ग्रंथी नको तेवढी घाई करतेय, आणि वर रक्तात लोह कमी, बी-बारा कमी. म्हणजे घाई आहे पण त्या घाईला लागणारं सामान घरात नाही. त्यांनी तीन औषधं दिली. थायरॉईडची गुलाबी गोळी दिवसातून तीनदा, जीवनसत्त्वाची पांढरी एकदा, लोहाची तपकिरी एकदा, आणि तिच्या आगेमागे दोन तास चहा नाही. बाकी सगळं ताईंनी निमूट ऐकलं, चहाचं मात्र पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

औषध घ्यायची त्यांनी आपली पद्धत बसवली. थरथरत्या बोटांनी गोळीचं पाकीट फोडणं म्हणजे वैताग, आणि त्यावरची अक्षरं मुंगीएवढी. म्हणून औषधं आणली त्याच दिवशी भावजयीकडून सगळ्या गोळ्या फोडून घ्यायच्या, पाकिटं कचऱ्यात टाकायची आणि गोळ्या धाग्याच्या रिकाम्या डब्यात लावायच्या. डब्याला कप्पे होते. गुलाबीत गुलाबी, पांढऱ्यात पांढरी, तपकिरीत तपकिरी. नाव वाचण्यात माणूस चुकेल, रंगात मी चुकायची नाही, असं त्या म्हणायच्या, आणि ते खोटंही नव्हतं.

दोन महिन्यांत फरक पडला. धडधड थांबली, वजन काट्यावर जरा सरकलं, सुई दुसऱ्या खेपेला ओवली जाऊ लागली. आणि मग एकाएकी सगळं उलटं फिरलं. हात पुन्हा कापायला लागला, पहिल्यापेक्षा जास्त. ताई मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरून टाके घालायच्या, म्हणजे मालकाला दिसू नये. पण एका राखाडी कोटावर टाका उठून दिसला आणि गिऱ्हाइकानं तो परत आणला. मालक ओरडला नाही. नुसतं म्हणाला, की या खिडकीपाशी इस्त्रीचं एक नवीन यंत्र बसवायचा विचार आहे, महिनाअखेर ठरवू. हात गेला की टेबल गेलं, हे ताईंना कुणी समजावून सांगायला नको होतं.

पुढच्या तपासणीत थायरॉईड चांगलाच भडकलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या चुकत तर नाहीत ना? ताईंना ते लागलं. एकोणीस वर्षांत मी टाका चुकले नाही, त्या म्हणाल्या, गोळी कशी चुकेन? मग बाईंनी सांगितलं, की थायरॉईड गोळ्यांना दाद देत नसेल तर पुढचा उपाय बघावा लागेल, किरणोत्सारी औषध किंवा ऑपरेशन. घरी बोलून आठ दिवसांत या. गंमत म्हणजे बी-बारा मात्र पार वर गेलं होतं.

"दुकान काढाल बी-बाराचं," भावजय वाटेत म्हणाली. पण घरी पोचेपर्यंत ती गप्प झाली होती, आणि ती गप्प झाली की घरात सगळ्यांना काळजी वाटायची. रात्री जेवताना भाऊ ऑपरेशनची रजा, खर्च असं काहीबाही बोलत होता. भावजय कुठंतरी बघत जेवत होती.

दुसऱ्या दिवशी औषधांची पुढची खेप आली. एरवी भावजय गप्पा मारत भराभर गोळ्या फोडायची. या खेपेला ती चष्मा लावून बसली, पाकीट उजेडात धरलं आणि एकेक अक्षर लावून वाचलं. मग दुसरं वाचलं. मग डॉक्टरीणबाईंचा कागद आणून शेजारी ठेवला.

"वन्सं, थायरॉईडची पांढरी आहे," ती म्हणाली. "गुलाबी जीवनसत्त्वाची."

ताई म्हणाल्या, की असं कसं होईल.

असं झालं होतं खरं. मागच्या खेपेला औषधवाल्यानं सांगितलं होतं, थायरॉईड आणि जीवनसत्त्व, दोन्हींची कंपनी बदललीय, औषध तेच आहे. ताईंनी ते ऐकलंही होतं. घरी आल्यावर गुलाबी गोळी जुनीपेक्षा फिकी आहे हेसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण त्यांच्या धंद्यात तोच धागा दुसऱ्या वेळी रंगवला की एक छटा इकडेतिकडे होतेच. दुसऱ्या खेपेचा रंग, असं मनाशी म्हणून त्यांनी ती गुलाबीच्या कप्प्यात टाकली होती. गुलाबी मधेच संपल्या तेव्हा औषधवाल्याकडून रंग सांगून आणखी आणल्या होत्या. म्हणजे गेले सहा आठवडे जीवनसत्त्व तीनदा पोटात जात होतं आणि थायरॉईडची गोळी एकदाच. दुसऱ्या कुणी नुसतं "ही वेगळी दिसते" म्हणून विचारलं असतं. ताईंना रंगातलं कळत होतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

ताईंनी गुलाबीचा कप्पा तळहातावर उपडा केला. मग म्हणाल्या, "आता नीट घेते. डॉक्टरांना नका सांगू वहिनी. दादालाही नको."

"आणि ऑपरेशन?"

ताई डब्याचं झाकण लावू लागल्या.

"म्हणजे गळा कापून घ्याल, पण रंग चुकला म्हणणार नाही?" भावजय म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "फोन मी लावून देते. बोलायचं तुम्ही."

ताई बोलल्या. सगळं सांगितलं, फिक्या रंगासकट. डॉक्टरीणबाई पलीकडून म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी उगाच पुढं गेले असते. जादा झालेलं बी-बारा शरीर बाहेर टाकतं, त्याची भीती नाही. राहून गेलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम घ्यायच्या नाहीत, ठरल्याप्रमाणे तीनच. थायरॉईडच्या या गोळीवर असताना ताप आला किंवा घसा दुखला तर अंगावर काढायचं नाही, लगेच कळवायचं. गोळ्या पाकिटातच ठेवायच्या. आणि ऑपरेशनचं दोन महिन्यांनी, नव्या तपासणीनंतर बघू.

दोन महिने. महिनाअखेर तर अकरा दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी मालकानं काळा कोट टेबलावर ठेवला. कापड तलम, भोक खांद्यावर, दिसेल अशा जागी. ताईंनी कापड बोटांत धरलं, सोडलं, आणि कोट परत काउंटरवर नेऊन ठेवला. फोनवर एकदा बोलून झाल्यामुळे असेल, या वेळी शब्द सहज आले.

"हे मला आता जमणार नाही," त्या म्हणाल्या. "हात कापतो माझा. थायरॉईड आहे. दोन महिने जाडंभरडं द्या, लोकर द्या, गोधड्या द्या. तलम नको."

मालकानं हातातलं पावतीपुस्तक खाली ठेवलं. हात कापतो हे तो कधीपासून बघत होता. त्याला वाटलं होतं, ताईंना आता काम नकोसं झालंय आणि तोंडानं म्हणवत नाही. म्हणून त्यानंच यंत्राचं बोलून वाट करून दिली होती.

"मग यंत्राचं?" ताईंनी विचारलं.

तो दारापाशी गेला, धुतलेल्या पडद्यांच्या कपाटाशेजारची भिंत वितीनं मोजली, म्हणाला, इथंही बसेल, जरा अवघडून बसेल. मग त्यानं काळा कोट परत देण्याच्या ढिगात टाकला आणि खालून एक जाड लोकरीचं पांघरूण ओढून काढलं. त्याला कसरीनं मुठीएवढी तीन भोकं पाडली होती.

"हे कधी द्याल?" त्यानं विचारलं.

"गुरुवारी," ताई म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "नको, शनिवार लिहा."

त्यानं शनिवार लिहिलं.