दार वाजवून आत

रविवार, ११ जानेवारी. केडगाव, हमीदमामांचं घर. हजर : मामी, त्यांच्या दोघी लेकी, शेजारच्या पाच-सहा बाया, कारेगावहून शोभाताई आणि मी. पुरुष मंडळी मामांना घेऊन कब्रस्तानात गेलेली. दाराशी दोन शेळ्या आणि मामांनी मोडका पाय बांधून जगवलेलं एक लंगडं कुत्रं. नावं टिपायची माझी सवय मामांना ठाऊक होती. "कुत्र्याचं ऱ्हायलं की," असं ते नक्की म्हणाले असते. म्हणून लिहिते : भुऱ्या.

मामा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे, होते. गावोगाव लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि ते दर वेळी दुरुस्ती करायचे, "डॉक्टर खुर्चीत बसतो, मी जनावराखाली बसतो." निवृत्तीनंतर ते आमच्या छोट्याशा प्राणिमित्र गटात आले. मी कारखान्यात स्टोअर सांभाळते, त्यामुळे गटाच्या सगळ्या याद्याही माझ्याकडेच. मामांनी माझं नाव 'स्टोअरबाई' ठेवलं, ते कायम राहिलं.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळा तोंडावर आलेला असताना, मी आसपासच्या कोंबड्यांच्या शेडची यादी केली. उन्हात पक्षी मरतात, तेव्हा कुणाला पाण्याचे फवारे लागतील, कुणाला गोणपाटं, हे आधी कळावं म्हणून. मालकाचं नाव, फोन, रस्ता आणि शेवटचा रकाना : राखण कोण करतं. शोभाताईंच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'कोणी नाही, घर लांब.' पुण्याहून गटात येणाऱ्या निखिलनं ती यादी मागितली. तिशीतला, नोकरी सोडून प्राण्यांसाठी राबणारा, बोलताना डोळे भरून येणारा माणूस... मी पाठवून दिली. कशाला हवी, एवढंही विचारलं नाही.

आठवड्यानं सकाळीच मामांचा फोन आला, "शोभाच्या शेडवर ये." मी पोचले तेव्हा भिंतीवर लाल रंगात 'खुनी' लिहिलेलं होतं आणि पिंजऱ्यांची सगळी दारं उघडी. कोंबड्या 'मुक्त' झाल्या होत्या. ज्यांनी जन्मात जमीन पाहिली नव्हती, त्या रात्री आलेल्या अनोळखी माणसांच्या बॅटऱ्यांच्या उजेडाला बिचकून एका कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या आणि खालच्या चेंगरून मेल्या. काही कुत्र्यांनी नेल्या. उरलेल्या आपापल्या पिंजऱ्याखालीच अंग चोरून उभ्या होत्या. मामांनी आत जाण्याआधी दाराच्या पत्र्यावर बोटांनी तीनदा वाजवलं.

"उघडंच हाय की, मामा."

"आपल्याला उघडं हाय. त्यांना कळाया नको व्हय, कोन येतंय?"

शोभाताई मेलेल्या कोंबड्या गोणीत भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हितं राखण नसती, हे त्यांना कुणी सांगितलं?" मामांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "मी. माझी यादी होती."

"लई ब्येस! बाई, तुमची माया माझ्या कोंबड्यांना झेपंना." मग गोणी माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, "आता हुभ्या राहू नका. लिहिता येतं तसं उचलता बी येत आसंल."

दुपारपर्यंत आम्ही उचलत होतो. जिवंत कोंबडीला दोन्ही पंखांवरून धरून छातीशी कसं घ्यायचं, ते मामांनी मला त्या दिवशी शिकवलं. मधेच ते थांबले आणि म्हणाले, "राग मान्साचा, आन् काढला कुणावर बघ. जनावराच्या नावानं आले, पर जनावराकडं कुणी बघितलंच न्हाई."

मामांना पिंजरे आवडायचे असं मात्र नाही. त्याच कामात त्यांनी शोभाताईंना सुनावलं, "चार ठिवती तिथं तीन ठीव." त्या भडकल्या, "तुमी बी त्यांच्यातलेच का?" "व्हय. फकस्त मी दार वाजवून येतो." पुढं वर्षभर दर रविवारी मामा केडगावहून येत राहिले, मीही जात राहिले. आधी एका रांगेत तीन-तीन झाल्या, मग सगळ्या रांगांत. फवारे बसले. परवा परवा तर शोभाताईंनी बाहेर जाळी मारून थोड्या कोंबड्यांना मोकळं अंगण दिलं. 'खुनी'वर चुना फासलाय, पण ऊन तिरपं आलं की अक्षरं दिसतात. त्या जागी शोभाताईंनी दोडक्याचा वेल चढवलाय.

निखिलनं आपल्या त्या रात्रीच्या 'मोहिमे'ची चित्रफीत टाकली होती. तिच्यात दारं उघडताना दिसतात, कोपरा दिसत नाही. मी चिडून त्याला गटातून काढलं. मामांना ते पटलं नाही. डिसेंबरात मी त्यांना बघायला गेले तेव्हा त्यांनी अंथरुणावरूनच विचारलं, "त्याला आनलंस का?"

"कशाला, मामा? शोभाताई चपलेनं मारतील."

"न्हाई मारत, मी इचारलंय तिला. त्याला माया हाय गं... फकस्त घाई हाय. दार वाजवायला शिकवू."

मामा गेल्यानंतरच्या रविवारी, १८ तारखेला, शेडवर गेले. मी दाराशी पोचायच्या आत शोभाताईंनी पत्र्यावर बोटांनी वाजवलं, तीनदा. आतला कलकलाट क्षणभर थांबला, कोण आलंय ते ओळखल्यासारखा, आणि पुन्हा निवांत सुरू झाला. आम्ही दोघी आत गेलो, अंडी गोळा केली, चहा घेतला. बरं वाटलं.

त्या आठवड्याच्या यादीतली सगळी कामं झाली आहेत, एक सोडून. 'निखिलला शेडवर आणणे.' निरोप दोनदा पाठवला, त्यानं वाचला, उत्तर नाही. आता फोन करायला हवा.