यादोराव सरांची सही

शामकला गजभिये सकाळी नऊलाच गोंदियाच्या कॉलेजात येऊन बसली, तेव्हा शिपायाने सभागृहाचं कुलूपही काढलं नव्हतं. चौकशी अकराला होती. पण गोरेगावहून साडेसातची एसटी सुटली की पुढच्या गाडीचा भरवसा नाही. सहा वर्षांचं संशोधन, पस्तीस वय, तासिका तत्त्वावरची मास्तरकी. यातलं काय उरणार हे आज चार माणसं ठरवणार होती.

तिचा विषय मामा तलावांतले मासे. मालगुजारांनी बांधलेले हे तलाव जिल्ह्यात गावोगावी आहेत. त्यांतल्या एकवीस तलावांत गुडघाभर चिखलात उभी राहून तिने मासे मोजले. एवढी शिकून पोरगी मासे धरते, म्हणून बायकांनी नावं ठेवली. आई मंदाबाई मात्र धानाच्या रोवणीच्या बांधावर सांगत सुटायची की माझी शामू डाक्टर होऊन राहिली, आणि कोणी गुडघेदुखीवर गोळी विचारली की गप्प बसायची.

आता पीएच.डी.चा एक नियम सांगायला हवा. दर सहा महिन्यांनी विद्यार्थ्याने तीन प्राध्यापकांच्या समितीपुढे आपलं काम मांडायचं, त्यांनी चुका काढायच्या, वाट दाखवायची आणि सह्या करायच्या. नियम सोन्यासारखा आहे. पण तिघे एका वेळी एका खोलीत सापडतील तर शपथ. एकाला परीक्षेची ड्यूटी, दुसऱ्याला निवडणुकीची, तिसऱ्याच्या घरी लग्न. म्हणून त्या विभागात वर्षानुवर्षांची वहिवाट पडली होती: सभासदांनी कोऱ्या कागदावर आधीच सह्या करून द्यायच्या, तारीख आणि मजकूर विद्यार्थ्याने भरायचा. यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. उलट, सह्यांसाठी पोरांना दारोदार हिंडवत नाहीत म्हणून हा विभाग दयाळू समजला जाई.

यादोराव वलथरे सर त्या समितीत होते. धिवराच्या घरातले, लहानपणी बापाबरोबर जाळं टाकलेले. मरळ कोणत्या महिन्यात कुठल्या काठाला येते हे त्यांना पुस्तक न उघडता ठाऊक. शामकलाला खरं शिकवलं ते त्यांनीच. मार्गदर्शक म्हणून नाव तेवढं विभागप्रमुख डॉ. चंद्रशेखर बिसेन यांचं. गेल्या जुलैत यादोराव सरांचं मूत्रपिंडाचं दुखणं बळावलं आणि ते नागपूरला भरती व्हायला निघाले. निघण्याआधी त्यांनी तिला घरी बोलावून कोऱ्या कागदावर सही करून दिली. म्हणाले, "मी येतो का नाही येत, काही भरवसा नाही. माझ्यापायी तुझं काम कायले अडून राहील?"

समितीची सभा वीस ऑगस्टला ठरली होती. शामकलाने तीच तारीख टाकली आणि कार्यालयाची मुदत गाठायला जुलैतच कागद देऊन टाकला. नऊ ऑगस्टला सर गेले. ती मातीला गेली, सरांच्या बायकोजवळ, धुरपताबाईंजवळ, तीन दिवस राहिली. त्या कागदाची तिला आठवणसुद्धा झाली नाही, आणि तशा दिवसांत ती व्हावी तरी कशी.

विद्यापीठाला झाली. तिच्या प्रबंधाची फाईल ज्या टेबलावर गेली, त्याच टेबलावरून सरांच्या निधनाचं पत्र गेलं होतं. मेलेल्या माणसाने अकरा दिवसांनी सही कशी केली, असा प्रश्न निघाला आणि शामकलाच्या हातात खुलाशाची नोटीस पडली. अडचण असल्यास विद्यार्थी साहाय्य कक्षाशी संपर्क साधावा, असंही खाली छापलं होतं. तिने साधला. कक्षाचे प्रमुख बिसेन सरच होते, आणि ते आठ दिवस फोन उचलत नव्हते.

अकराला चौघे जमले. विद्यापीठाच्या डॉ. अन्नपूर्णा येडे अध्यक्ष, दोन बाहेरचे सभासद आणि चौथे बिसेन सर. शामकलाने घडलं ते सगळं सांगितलं. सही सरांचीच, तारीख माझ्या हातची, विभागात असंच चालतं. येडे मॅडमनी बिसेन सरांना विचारलं, अशी पद्धत आहे का. माझ्या माहितीत नाही, असं ते टेबलाच्या काचेकडे बघत म्हणाले. शामकलाला त्यांचा असा संताप आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. उरलेलं कामकाज जेवणानंतरवर गेलं.

सायकल स्टँडजवळ बिसेन सर तिला शोधत आले. डबा तसाच हातात होता.

"तू बोललीस ते लिहिलं गेलं, तर यादोरावच्या सहीचे सगळे कागद उघडतील," ते म्हणाले. "रीनाची डिग्री त्याच कागदांवर आहे. तिरोड्याच्या कॉलेजात आत्ता कुठं पक्की झाली ती. अजून तिघं आहेत. यादोरावची सही तूच केली म्हणून सांगून दे, इथंच मिटते."

"आणि माझं?"

तिची नोंदणी जाईल, पण पुन्हा करता येईल, असं काहीसं ते पुटपुटले.

"सर, कोऱ्या कागदाची रीत तुम्हीच शिकवली, असं तुम्ही काऊन नाही सांगत?"

"मले रिटायर व्हायला दोन महिने राहिले, शामकला."

ते निघून गेले. ती तिथेच पायरीवर बसली. रीना आणि ती याच विभागात बरोबर शिकलेल्या, एकाच डब्यात जेवलेल्या. रीनाच्या पगारावर आता तिचं सासर आणि माहेर दोन्ही चालत होतं. आणि धुरपताबाई? नवऱ्याने सह्या वाटल्या का, असं त्या माउलीच्या दारात जाऊन कोणी विचारायचं? दुसरी वाट शामकलाने पुष्कळ शोधली. खरं बोलून चौघांची डिग्री आणि सरांचं नाव बुडत होतं, खोटं बोलून तिची एकटीची नोंदणी. तेवढ्यात आईचा फोन आला, झालं का म्हणून. होऊन राहिलं, असं सांगून तिने फोन ठेवला, आणि मग तोंडावर ओढणी दाबून रडून घेतलं.

जेवणानंतर ती आत गेली आणि उभ्यानेच म्हणाली, "सही मीच केली."

येडे मॅडमनी हातातली फाईल मिटली. दबावाखाली बोलताय का, असं विचारलं. ती नाही म्हणाली. मग बाहेरच्यांपैकी एका सभासदाने, तो बिचारा नियमाचा माणूस, कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. नोंदीसाठी एकदा करून दाखवा, म्हणाला.

सरांची सही तिने शेकडो वेळा पाहिली होती. तिरकी, घाईची, एका दमात ओढलेली. तिने पेन टेकवलं. य सरळसोट उभा राहिला, पाटीवर गिरवल्यासारखा. दुसऱ्यांदा केली, ती पहिलीहून वाईट झाली. तिसऱ्यांदा तर वलथरे पुरतं उमटलंच नाही. बिसेन सर खिडकीबाहेर बघत राहिले. कागद या हातातून त्या हातात गेला, प्रत्येकाने तो मूळ कागदाशेजारी धरून पाहिला, आणि ही सही या बाईची नाही हे चौघांनाही कळलं.

येडे मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि टाइप करणाऱ्या कारकुनाला सांगितलं, "लिहा. यांनी केलेली सही मूळ सहीशी जुळते."