कुंताबाईचा हात

आमच्या सानगडीत कुंताबाई बांगड्या भरायची. तिचा धंदाच असा की बायकांचा हात हातात घेतल्याशिवाय तो चालत नाही. बोटं दाबत, गप्पांत गुंतवत ती बांगडी कधी चढवायची ते कळतही नसे. भरून झालं की बायका तिला वाकून नमस्कार करायच्या.

साल एकोणऐंशी असावं. त्या हिवाळ्यात तिच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. रात्री झोप नाही, दिवसा चैन नाही. दवाखान्यात कळलं, खरूज आहे, हाताला हात लागून पसरते. घरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावलं तरच जाते, नाहीतर फिरून येते. कुंताबाई सुन्न झाली. ज्या ज्या घरी तिनं दिवाळीला बांगड्या भरल्या होत्या, त्या घरांतल्या बायका आता खाजवत होत्या, आणि त्यांची पोरंही. सांगावं तर पोटावर पाय, न सांगावं तर जीव खाई.

तेवढ्यात देवकाबाईचं बोलावणं आलं. तिच्या सुनेला, रुखमिणीला, सातवा महिना होता. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं, म्हणून हिरव्या बांगड्या कुंताबाईच्याच गुणाच्या हातानं भरायच्या होत्या.

अंगणात आम्ही सगळ्या जमलो. रुखमिणीनं हात पुढे केला. कुंताबाईचे हात मात्र पदराखालीच राहिले.

"काहून थांबली वो? भर ना!" देवकाबाई म्हणाली.

"मी नाही भरत. मले खरूज आहे. तुम्हाले बी माह्याच हातानं लागली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकेक हात पदरात गेला, माझाही गेला. देवकाबाई संतापली, "आजच्या दिवशी अशुभ बोलून राहिली!"

रुखमिणीचा हात तेवढा पुढेच होता. तिनं बोटं फाकवली. बेचक्यात लाल पुरळ होतं.

"मले बी आहे, आत्या," ती सासूला म्हणाली. "भेवानं बोलली नाही. लेकराले लागन ना!" मग कुंताबाईकडे वळून म्हणाली, "मावशी, तू बरी हो, मी बी बरी होतो. मंग तूच भर. दुसऱ्या कोनाच्या हातानं मी भरत नाही."

देवकाबाईनं सुनेचा हात धरून बेचकं पाहिलं. मग खेकसली, "मलम कोठं भेटते, ते तरी सांग!"

एका रविवारी गावभर त्या मलमातल्या गंधकाचा वास सुटला. मुहूर्त टळला तो टळलाच. नवव्या महिन्यात रुखमिणीच्या हातात हिरव्या बांगड्या चढल्या. ती नमस्काराला वाकली, तर कुंताबाईनंच तिचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले आणि रडू लागली.