तळमजल्यावरची खोली

मुलीच्या क्लाससाठी लातुरात खोली शोधताना माझी अट एकच होती: तळमजला, आणि दार थेट अंगणात उघडलं पाहिजे. घरमालकीण समजावून दमली. "वरची खोली बघा की ताई, हवा लई चांगली लागती तिथं." मी म्हणाले, "हवा घेऊन काय करू? पळता आलं पाहिजे." ती हसली. भूकंपाच्या वेळी ती इथली नसावी.

भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होते. गणपती बुडवून येऊन आम्ही घरात मातीच्या माळवदाखाली झोपलो आणि जाग आली ती मातीत. हाताला धाकट्या बहिणीचा हात लागत होता आणि तिचा श्वास ऐकू येत होता, बारीक शिट्टी वाजावी तसा. मग हात तेवढा राहिला. मी दाराजवळ होते म्हणून लोकांना सापडले. तेव्हापासून मी खोलीत शिरले की आधी दार बघते, आणि झोपताना खिडकी कधी लावत नाही. नवरा लोहा गावातल्या आमच्या घरी ह्यावरून चिडवायचा, "चोराला आवतन देऊन झोपतेस." लेकीला लहानपणापासून थोडा दमा होता, पण पंप दप्तरात असायचा आणि महिनोन्महिने लागायचा नाही.

पावसाळा बरा गेला. अंगणात सगळ्या खोल्यांतल्या मुलींच्या आंघोळीसाठी भला मोठा बंब होता. त्यात कापसाच्या पऱ्हाट्या, लाकडाचा भुसा, जे मिळेल ते जळायचं. पण पावसाच्या सरीत धूर कुठल्या कुठे जायचा आणि दोरीवरच्या ओढण्या पांढऱ्या राहायच्या.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि सगळं बिघडलं. पहाटे वारा नसला की बंबाचा धूर पहिल्या मजल्याच्या कठड्यापर्यंत चढायचा आणि पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा तिथंच अडायचा. मग पसरत पसरत खाली आमच्या खिडकीशी यायचा. संध्याकाळी शिवारात कुणी उसाचं पाचट पेटवलं की काळ्या काजळीचे कण अंथरुणावर येऊन पडायचे. मी खिडकीची चौकट पुसायची, तासाभरात बोट पुन्हा काळं. ऊन चढलं की मात्र सगळं विरायचं आणि लेक हसत क्लासला जायची. म्हणून तिचा पहाटेचा खोकला मी परीक्षेच्या धास्तीवर ढकलला.

एका पहाटे ती उठून बसली. खांदे वर, तोंड उघडं, आणि छातीतून तीच बारीक शिट्टी. घाबरून मी आयुष्यभर केलं तेच केलं, अर्धवट उघडी खिडकी सताड उघडली. धुराचा लोट आत आला. पंप मारला, उतार पडेना. रिक्षात तिला मांडीवर घेऊन मी नुसतं "श्वास घे, बाळा, घे" म्हणत होते. देवाचं नावसुद्धा सुचलं नाही.

दवाखान्यात मशीनची वाफ दिल्यावर तिचा श्वास मोकळा झाला. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "राहता कितव्या मजल्यावर?" मग सांगितलं, "थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन बसून राहते. वर गरम हवेचा थर असतो, तो ह्या गार हवेला वर जाऊ देत नाही. धूर, काजळी सगळं त्या हवेतच अडकतं. पाऊस ते धुऊन नेतो, उन्हाळ्यात वारा उडवतो, थंडीत मात्र ते नाकासमोरच राहतं. वरच्या मजल्यावर जा, बाई. आणि पहाटे खिडकी बंद."

बंद. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं म्हणतात. मी ताक फुंकत बसले आणि पोरीला धुरात बसवलं.

त्याच दिवशी त्याच घराच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. स्वतःच्या हातानं खिडकीची कडी लावली आणि भिंतीला टेकून बसले. रस्त्यावरून टिपर गेला की काच थरथरायची आणि मी ताडकन उठायची. लेक मात्र आवाजही न करता झोपली. इतक्या मुकाट श्वासाचीही भीती वाटली, सारखा तिच्या नाकाशी हात नेत होते.

आम्ही सोडलेल्या खालच्या खोलीत आठवड्यातच निलंग्याकडची एक बाई आली, तीही लेकीला घेऊन. एका पहाटे गॅलरीतून बघितलं तर अंगण धुरानं भरलं होतं आणि त्यातून पोरीचा खोकला येत होता. मी तशीच खाली धावले. खिडकी सताड उघडी.

"ताई, खिडकी लावा आधी. पोरीच्या छातीत जायलंय सगळं."

"हाव, कळतंय," ती म्हणाली. "पर लावली की जीव घाबरा होतो माझा. भूकंपापासून असंच हाय."

"वर चला. माझ्या खोलीत."

"वर? न्हाई बाई. वरून पळता येत न्हाई."

मी तिचा हात धरला आणि ओढतच जिन्याकडे नेलं. तिचा हात गार पडला होता. माझाही. मागून तिची पोर भिंतीला धरून चढत होती. तिच्या श्वासाची बारीक शिट्टी जिन्यात घुमत होती, आणि ती थांबत तर नाही ना, एवढंच ऐकत मी वर चढत होते.