अडलेल्या मेंढ्या आणि मालकाचा एडका

मेंढी अडली की आमच्या वस्तीवर कारणांना तोटा नसायचा. पहिलारू आहे, हाड लहान. फार खाल्लं, चरबी चढली. खाल्लंच नाही, अंगात जोर नाही. कोकराचा पाय मागं दुमडलाय. जुळं आहे, एकमेकांत अडकलंय. ही सगळी कारणं मोठ्यानं सांगितली जायची. एकच कारण कुणी तोंडातून काढायचं नाही: मालकाचा एडका.

सोनपेठच्या बाजूला, गोदावरीकाठी माझी विधवा आत्या मेंढ्या राखायची. उन्हाळ्यात तिचा कळप मालकाच्या रानात बसायचा आणि त्याच्याच विहिरीच्या हाळावर पाणी प्यायचा. मालकाला झुंजीच्या एडक्यांचा शौक. कुठून तरी लांबून त्यानं वासराएवढा थोराड एडका आणला होता. पावसाळ्याच्या तोंडी त्याच्या कपाळाला गुलाल लावून तो आमच्या कळपांत सोडला जायचा. होतील ते शिंगाळे नर मालकाचे. आमच्या मेंढ्या बुटक्या, काटक; त्यांच्या पोटात वाढणार ते धिप्पाड पिल्लू. नाही म्हणायची सोय नव्हती, पाणी त्याचं ना! मी गावोगाव वेठीविरुद्ध पत्रकं वाटत हिंडत होतो, आणि माझ्याच घरी मेंढीचं पोट वेठीला धरलेलं होतं.

एका मार्गशीर्षात मी वस्तीवर आलो तेव्हा आत्याची एक पहिलारू मेंढी सकाळपासून कळा देत होती. आधीची एक अशीच गेली होती. आणखी दोन-चार गेल्या की कळप संपला, आणि आत्याच्या नशिबी दुसऱ्याच्या मेंढ्या राखणं आलं. कोकराचं डोकं बाहेर, जीभ निळी पडलेली, खांदे आत अडकलेले. आत्यानं हाताला करडईचं तेल चोळलं. शेजारच्या कळपाचे म्हातारे तात्या बाजूला उकिडवे बसले होते.

"चरबी," तात्या म्हणाले. "लय चारलंस तू हिला."

"एडका म्हणा ना, तात्या!" मी म्हणालो.

"हळू बोल की बाबा. तुजं पत्रक तुज्या खिशात ऱ्हाऊ दे."

"आत्या, तू तरी सांग यांना."

आत्याचा हात मनगटापर्यंत आत होता. "पाय दुमडलाय ते बी खरं, पहिलारू हाय ते बी खरं, आन् एडका बी खरा. पाय मी सरळ करायलेय, एडक्याला तू कर. आता हिची मान धर, भाषण नको."

मी मान धरली. कोकरू मेलेलंच आलं. मेंढी वाचली.

पुढच्या पावसाळ्यात एडका यायच्या आदल्या दिवशी मी आत्याला बजावलं, मालकाच्या तोंडावर नाही म्हण, मी शेजारी उभा राहतो.

"तू उभा ऱ्हाशील आन् निघून जाशील," ती म्हणाली. "पाणी मला रोज लागतंय."

एडका आला. आत्यानं त्याला हळद लावली आणि पोटाखाली गोणपाटाचा पडदा बांधून दिला. असा पडदा असला की एडका मेंढीवर चढला तरी ती गाभण राहत नाही. आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक. मालकाला मात्र नव्हतं.

"हे काय गं?" त्यानं विचारलं.

"झुंजीचं जनावर हाय मालक. पावसाची ओल पोटाला लागू न्हाई म्हणून."

"कदर हाय हिला!" मालक खूश.

त्या वर्षी तिच्या मेंढ्या आमच्या बुटक्या एडक्यापासून गाभण राहिल्या आणि बिनबोभाट व्याल्या. लोक म्हणतील, मग झालं की! काय झालं? मालकाला 'नाही' असं तर कुणी म्हणालंच नाही. मालकाचा एडका गोणपाट सोडून, गुलाल लावून पुढं तात्यांच्या कळपात गेला. आत्यानं माझ्या हाती तेच गोणपाट त्यांच्याकडं पाठवलं. तात्यांनी ते झटकलं, घडी घातली आणि अंथरून त्यावर बसले.

"मालकाला कळलं तर?" ते म्हणाले.

थंडीत त्यांची मेंढी अडली. मी पोचेपर्यंत कोकरू गेलं होतं, मेंढीही गेली होती. तिच्या फासळ्या लांबून दिसत होत्या. तात्या शेजारी त्याच गोणपाटावर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मान हलवली.

"चरबी," ते म्हणाले.