अर्धं ब्लँकेट

शेजारच्या बाई आधी माझ्या होत्या, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या त्या गल्लीत आम्ही राहायला आलो, तेव्हा कुंपणापलीकडून येणारी खटखट ऐकून चौकशीला गेले ती मी. सनरूममधला तो पलंगाएवढा लाकडी हातमाग बघून दारातच थबकले तीही मीच. दोन हजारनंतरची ती पहिली वर्षं. नवरा सकाळच्या ट्रेननं वेलिंग्टनला ऑफिसात, मुलगी शाळेत आणि मी सकाळभर मॉलमधल्या फार्मसीत. दुपारी घरी यावं तर घर गार आणि गप्प. हीटरला पाय लावून बसलं तरी अंगातली हुडहुडी जायची नाही. बाईंच्या सनरूममध्ये ऊन होतं, लोकरीचा वास होता आणि बोलायला माणूस होतं. मी रोज जायला लागले.

बाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. तिकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी मला नावानंच हाक मारायला सांगितलं होतं आणि मी मारायचेही. मनात मात्र त्यांना बाई म्हणायचे, शाळेतल्या बाई असतात तशा बाई, कारण त्या मला विणायला शिकवत होत्या.

शिकवत होत्या ते ट्विल. त्यात परकं काही नाही. जीन्सचं कापड नीट बघितलं की त्यावर बारीक तिरप्या रेघा दिसतात, तीच ही वीण. पायाखाली चार पेडलं, ती क्रमानं दाबत जायची. दर पेडलाला उभ्या धाग्यांची वेगळी जोडी वर उचलली जाते, त्या फटीतून धोटा इकडून तिकडे सारायचा आणि फणी पुढे ओढून आडवा धागा बसवायचा. पायांनी क्रम पाळला की रेघ आपोआप तिरकी चढत जाते. चुकला की रेघ तिथल्या तिथे मोडते आणि ते कापड असेपर्यंत दिसत राहतं. माझी रेघ मोडायची नाही. एकदा माझ्या स्कार्फच्या काठावरून बोट फिरवत बाई म्हणाल्या, “किती सरळ काठ आहे तुझा, माझ्याहून सरळ.” ते वाक्य मी आठवडाभर चघळलं आणि फोन करून पुण्याला आईलाही ऐकवलं. आईनं विचारलं, तिकडे दुकानात कापड मिळत नाही का.

मग माझी धाकटी जाऊ आली.

माझ्या दिराला वेलिंग्टनमध्येच नोकरी लागली आणि दोघं आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहू लागली. तिला अजून काम नव्हतं. घरी बसून बिचारी कंटाळेल म्हणून मीच, माझ्या या हातांनी, तिला बाईंकडे घेऊन गेले. जाताना तिनं डब्यात शिरा घेतला. मी म्हटलं, अगं, यांना इतकं गोड चालत नाही, आणि न विचारता खायचं काही न्यायचंही नसतं. ती बरं म्हणाली आणि डबा घेऊन निघाली. दारात बाई दिसल्याबरोबर तिकडचा नमस्कार ठोकत हसून म्हणाली, “किया ओरा, आजी!” बाईंनी आजी म्हणजे काय ते विचारलं, मी समजावून सांगितलं, आणि बाईंचे डोळे भरून आले. त्यांची नातवंडं लांब होती, वर्षा-दोन वर्षांनी भेटणारी. शिरा त्यांनी उभ्याउभ्या, डब्यातूनच, चमच्यानं संपवला.

तीन वर्षं मी त्या घरात जात होते. तीन वर्षांत मला कधी आजी म्हणायचं सुचलं नाही, आणि हिनं उंबऱ्यातच काम साधलं होतं. परत येताना ती म्हणाली, “किती गोड आहेत ना ताई त्या?” गोड आहेत हे मला ही सांगणार!

विणकामात ती यथातथाच. तिसऱ्या पेडलानंतर पहिलं दाबायची, बोलण्याच्या नादात धोटा हातातून निसटून कोचाखाली जायचा. मग दोघी जमिनीवर ओणव्या होऊन तो शोधायच्या आणि हसायच्या. माझ्या चुकांवर बाई कधी हसल्या नव्हत्या. अर्थात मी चुकायचेच नाही. एकदा फार्मसीतून थेट त्यांच्याकडे गेले, तर बाहेरूनच बाईंचा आवाज आला, “एक, डोन, टीन, चार. एक, डोन, टीन, चार.” जाऊबाई पेडलं मारत होती आणि बाई शेजारी बसून मराठीत मोजत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच मागावर मी इतकी वर्षं शुद्ध उच्चार सांभाळत वन-टू-थ्री-फोर म्हटलं होतं. बाईंना आपली भाषा ऐकायला आवडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जाऊबाईचं इंग्रजी कच्चं. अडलं की ती सरळ मराठीत सुरू व्हायची आणि बाई कान देऊन ऐकायच्या.

घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, “झालं काय?” मी म्हटलं, काही नाही. माझी मुलगी टीव्हीसमोरून न वळता म्हणाली, “मम, काकू इज हीप्स ऑफ फन. नाना लाइक्स हर.” शेजारच्या बाईंना ती नाना म्हणायची, तिकडची मुलं आजीला म्हणतात तसं. म्हणजे माझ्या घरातसुद्धा त्यांना आजी म्हणणारं माणूस होतं, उरले होते ती मी एकटी.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाईंनी आम्हा दोघींना चहाला बोलावून सांगितलं, की त्या आता नेल्सनला, लेकीच्या घराजवळच्या रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, जाणार. तिथे त्यांना एकच खोली होती. माग तिकडे जाणं शक्य नव्हतं. “तो तुमच्यापैकी एकीकडे जावा असं मला वाटतं,” त्या म्हणाल्या. “त्याआधी दोघी मिळून त्यावर एक ब्लँकेट करा. जाण्यापूर्वी मला बघायचंय.”

जाऊबाई त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली. मला रडू आलं नाही, कारण मी त्या क्षणी मागाकडे बघत होते. आमच्या गॅरेजमध्ये तो कुठल्या भिंतीला बसेल, याचं माप मनात घेत होते. आडपडदा कशाला ठेवू? मला तो माग हवा होता, आणि तिला मिळू नये हेही तितकंच हवं होतं. दोघी मिळून म्हणजे परीक्षा, असं मी धरून चालले.

पहिलं अर्धं तिनं विणलं, उरलेलं अर्धं माझ्याकडे आलं. तिची बाजू बघून मला हायसं वाटलं. वीण इतकी विरळ, की पलीकडचं ऊन दिसावं. रेघही जिन्यासारखी उभी चढलेली. आडवा धागा हलका बसवला की रेघ उभी राहते आणि फणी जोरात मारली की रेघ आडवी पडते, धागे दाटीनं बसतात, हे मला ठाऊक होतं. कापड कसं हवं? घट्ट. लहानपणापासून मी दुकानात हेच ऐकत आले होते, बोटांत धरून बघा, कशी घट्ट वीण आहे. मी बसले आणि पहिल्या धाग्यापासून फणी दणकून ओढली. जिथे तिचं संपून माझं सुरू झालं, तिथे रेघ मानेत लचक भरल्यासारखी वळली.

बाई मागून म्हणाल्या, “अगं, ठोकू नकोस. धागा नुसता जागेवर नेऊन ठेव.” मी मान हलवली. हे नवशिक्यांना सांगायचं असतं, मला नाही, असं मनात म्हटलं.

माझ्या दुपारी बाईंकडे मी एकटीच असेन, अशी माझी समजूत होती. तसं कुठलं! जाऊबाई रोज हजर. त्या दोघी माझ्या पाठीमागे कोचावर बसायच्या, चहा घ्यायच्या, जाऊबाई बाईंच्या सामानाची खोकी भरायची आणि कुठल्यातरी जुन्या फोटोवरून दोघी खिदळायच्या. मागावर बसलं की मागे वळून बघता येत नाही. पाय पेडलांवर, हात फणीवर, डोळे रेघेवर, आणि कान मात्र पूर्ण मागे. तिकडे हसणं वाढलं की इकडे माझी फणी आणखी जोरात. माग जागचा हलायचा. “ताई, किती स्पीड आहे हो तुम्हाला!” ती कौतुकानं म्हणायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका शनिवारी ब्लँकेट मागावरून उतरवलं. लोकरीचं कापड उतरवल्यावर कोमट साबणाच्या पाण्यात चांगलं मळावं लागतं, मग त्याचे धागे एकमेकांना धरतात आणि त्याचं खरं ब्लँकेट होतं. बाईंच्या बाथटबमध्ये पाणी काढलं. जाऊबाई सलवार गुडघ्यांपर्यंत खोचून आत उतरली आणि ब्लँकेट तुडवायला लागली, बाई टबच्या काठावर बसून “एक, डोन, टीन, चार.” मी टॉवेल धरून उभी.

पिळून, मागच्या हिरवळीवर पसरलं. तिची विरळ बाजू पाण्यात आटून चांगली वीतभर अरुंद झाली होती. माझी घट्ट बाजू जेवढीच्या तेवढी. वरून निमुळतं आणि खाली घेरदार, हुबेहूब लहान मुलीचा परकर. दिराबरोबर खोकी उचलायला आलेला माझा नवरा म्हणाला, “हे पांघरायचं की नेसायचं?” दीर पोट धरून हसला, जाऊबाई हसत गवतावरच बसली. मीही ओठ ताणले. आतून खूशच होते. माझ्या बाजूनं माप सोडलं नव्हतं. दोष कुठे आहे ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

वाळल्यावर बाईंनी ब्लँकेट मांडीवर घेतलं आणि दोन्ही बाजूंवरून हात फिरवला. माझ्या बाजूवर हात सरकत गेला. तिच्या मऊ झालेल्या बाजूत रुतला. मग त्यांनी कात्री मागितली आणि जिथे रेघ वळली होती तिथून ब्लँकेट आडवं कापलं. लोकर इतकी धरली होती की एक धागा सुटला नाही.

“माग तुझा,” त्या मला म्हणाल्या. “तू रोज बसशील. हिला दोन महिन्यांत दुसरं काहीतरी सापडेल.”

“खरंय आजी,” जाऊबाई म्हणाली, आणि टाळ्या वाजवल्या.

मी जिंकले होते. चेहरा साधा ठेवायला मला कष्ट पडत होते. इतक्यात बाईंनी जाऊबाईचं अर्धं ब्लँकेट उचललं, गुडघ्यांवर पसरलं आणि दोन्ही बाजूंनी खोचून घेतलं. “हे मी नेते. नेल्सनला संध्याकाळी पायांवर घ्यायला.” माझं अर्धं त्यांनी नीट घडी करून माझ्या हातात दिलं. “हे मागाबरोबर राहू दे. नमुना म्हणून.”

मी म्हटलं, “हवं तर दोन्ही न्या ना. थंडीत लागेल.”

“खोली लहान आहे,” त्या प्रेमानं म्हणाल्या. खरंच प्रेमानं म्हणाल्या, आणि पायांवरचं ते आटलेलं, उभ्या रेघांचं कापड बोटांनी कुरवाळत राहिल्या. अख्ख्या वाटणीत मी मागाचीच मापं घेत बसले होते. त्या पायांवर कुणाचं कापड असणार, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. माग घ्या आणि ती जागा मला द्या, असं मी तेव्हा ओरडून सांगायला हवं होतं. अजूनही वाटतं.

बाई गेल्या त्याच आठवड्यात नवऱ्यानं आणि दिरानं माग सुटा करून आमच्या गॅरेजमध्ये आणला आणि मी सांगितलेल्या भिंतीला उभा केला. बरोबर बसला. संध्याकाळी जाऊबाई बघायला आली. गॅरेजच्या दारात उभी राहिली, आत येऊन लाकडावरून हात फिरवला, एक पेडल उगाच दाबून बघितलं.

“ताई, खरं सांगू?” ती म्हणाली. “मला तुमचा इतका हेवा वाटतोय ना!” आणि खो-खो हसली. लगेच म्हणाली, “चहा टाका ना, आल्याचा.”

मी चहा टाकायला आत गेले. मी इतके महिने दातांखाली धरून ठेवलेला शब्द तिनं उभ्याउभ्या उच्चारला होता, हसून मोकळी झाली होती, आणि आता तिला फक्त चहा हवा होता. आलं किसता किसता मला त्याचाही हेवा वाटला.